विजयी सेनापतीचा अपराध

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला तो बगलेत एक इंग्रजी पुस्तक मारूनच. फराळाला बसला तरी पुस्तक मिटेना. चकलीचा तुकडा मोडावा, चार ओळी वाचाव्या, पुन्हा तुकडा मोडावा, असा क्रम चाललेला. ताईने डोळे वटारले तेव्हा कुठे पुस्तक पाटाखाली गेले. मी सहज विचारले, "एवढे काय आहे रे त्यात?"

"मामा, ते तुमच्या कामाचे नाही," तो म्हणाला. "तुम्ही होऊन गेलेल्या गोष्टी वाचता. ही अजून व्हायची आहे."

रात्री मंडळी अंगणात फटाके उडवीत होती तेव्हा मी ते पुस्तक पाटाखालून काढले आणि पहिल्या पन्नासएक पानांतच थबकलो. त्यात मला माझा एक जुना परिचित भेटला! वेष पालटलेला, नाव थोडे मोडलेले, घोड्यावरून उतरून आकाशयानात चढलेला. पण चेहरा तोच आणि त्याच्या कपाळीचे भोगही तेच. चौदाशे वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ज्याची जन्मभर ओढाताण झाली तो सेनापती बेलिसेरियस या कादंबरीत 'बेल रियोस' होऊन ताऱ्याताऱ्यांवर स्वाऱ्या करीत होता. भाच्याला सकाळी म्हटले, "बाबा रे, ही गोष्ट व्हायची नाही, होऊन गेली आहे." त्याचा विश्वास बसेना. तेव्हा त्याला जे सांगितले तेच येथे थोडे सविस्तर मांडतो.

पुस्तक होते आयझॅक असिमॉव्ह यांचे 'फाउंडेशन अँड एम्पायर'. ते पुस्तकरूपाने १९५२ साली निघाले. असिमॉव्ह मूळचे रशियातल्या ज्यू घराण्यातले. १९२३ साली, तीन वर्षांचे असताना, आईबापांबरोबर अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये बापाच्या मिठाईच्या दुकानात गल्ल्यामागे बसून वाढले. त्याच दुकानात मासिके विकायला येत. तीच या मुलाची शाळा. १ ऑगस्ट १९४१ रोजी हा एकवीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसून जॉन कॅम्बेल या संपादकाच्या भेटीस निघाला होता आणि सांगावयास गोष्ट मात्र तयार नव्हती! हातातले पुस्तक त्याने डोळे मिटून उघडले. निघाले एका संगीतिकेतले चित्र आणि त्यात एक पहारेकरी शिपाई. शिपायावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम, आणि रोमवरून गिबन. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा अवाढव्य इतिहास या पोराने एकदा नव्हे, दोनदा वाचलेला होता. स्टेशन येईपर्यंत गोष्ट ठरली: साऱ्या आकाशगंगेवर पसरलेले एक साम्राज्य आणि त्याचा ऱ्हास.

ती गोष्ट वाढत वाढत तीन पुस्तके झाली. तिचा गाभा असा. हॅरी सेल्डन नावाचा एक गणिती आहे. एक माणूस उद्या काय करील हे सांगता येत नाही, पण अब्जावधी माणसांचा लोंढा कोणीकडे वाहील याचे गणित मांडता येते, असा त्याचा सिद्धांत. या शास्त्राला तो सायकोहिस्टरी म्हणतो. त्या गणितावरून त्याला दिसते की हे साम्राज्य कोसळणार आणि पुढे तीस हजार वर्षे अंधार पडणार. अंधार टाळता येत नाही, परंतु एक हजार वर्षांवर आणता येतो. म्हणून तो आकाशगंगेच्या पार टोकाला 'फाउंडेशन' नावाची एक लहानशी वसाहत स्थापितो आणि मरून जातो. पुढची पिढ्यान् पिढ्यांची कथा म्हणजे, त्या मेलेल्या माणसाचे गणित बरोबर ठरते की नाही, एवढीच.

आता आपल्या सेनापतीकडे वळू. त्याची कथा प्रथम एप्रिल १९४५ मध्ये एका मासिकात 'मृत हात' अशा अर्थाच्या नावाने आली होती. बेल रियोस हा सिवेना नामक ग्रहावरचा लष्करी सुभेदार. तरुण, हुशार, शूर, आणि सम्राटाशी एकनिष्ठ. साम्राज्य जराजर्जर झालेले. इतर सरदार खुर्च्या उबवीत बसलेले. याला मात्र जुन्या दिग्विजयाचे वेड. फाउंडेशनचे नाव कानी येताच तो त्याच्यावर चालून जातो आणि जिंकतही जातो. फाउंडेशनजवळ त्याला अडविण्याजोगे बळ नाही. वाचणाऱ्याच्या मनात येते, संपले आता सेल्डनचे गणित.

इकडे राजधानी ट्रँटर येथे सम्राट दुसरा क्लीऑन आजाराने अंथरुणाला खिळलेला. परंतु हा काही कच्चा गडी नव्हे. त्या वंशातला तो शेवटचा खंबीर सम्राट. आपल्या सेनापतीच्या विजयाच्या वार्ता ऐकून त्याला आनंद होत नाही, झोप मात्र उडते. त्यात रियोस आणखी जहाजांची मागणी करतो. जिंकतो आहे तर आणखी फौज कशाला हवी? सम्राट आपला विश्वासू खासगी चिटणीस ब्रॉड्रिग याला देखरेखीसाठी रवाना करतो. हा ब्रॉड्रिग हलक्या कुळातून वर चढलेला, साऱ्या दरबाराच्या डोळ्यांत सलणारा, आणि म्हणूनच सम्राटाला सोयीचा. कारण धन्यावाचून त्याला दुसरा आधारच नाही. पण रणभूमीवर गेल्यावर तोही लुटीच्या लोभाने सेनापतीला सामील होतो आणि तोही अधिक फौज मागू लागतो!

रियोसच्या छावणीत दोन कैदी असतात. एक फाउंडेशनचा व्यापारी डेव्हर्स, दुसरा सिवेनाचा वृद्ध सरदार ड्यूसम बार. हे दोघे निसटून ट्रँटरला जातात. बेत असा की सम्राटाच्या कानावर घालावे, तुमचा सेनापती आणि तुमचा चिटणीस मिळून तुमचेच सिंहासन गिळावयास निघाले आहेत. त्यासाठी ते कारकुनापासून वर वर लाच चारीत जातात. त्या लाचेचे वर्णन असिमॉव्ह यांनी फार खुमासदार केले आहे. कोणत्याही कचेरीत ज्याने एकदा तरी हेलपाटे घातले असतील त्याला ते परके वाटणार नाही. शेवटी ते गुप्त पोलिसांच्या तावडीत सापडतात, कसेबसे पळतात, आणि वाटेत वर्तमानपत्र उघडून पाहतात तो काय: सम्राटाने रियोस आणि ब्रॉड्रिग या दोघांनाही परत बोलावून कैद केले आहे! यांच्या चहाडीची गरजच पडली नाही. सम्राटाला ते आपोआप सुचले. दोघांचाही शिरच्छेद ठरलेला.

मग म्हातारा बार डेव्हर्सला उलगडून सांगतो, की हे असेच व्हावयाचे होते. सेनापती दुबळा असता तर त्याने आम्हांला धक्काही लावला नसता. सेनापती बलवान आणि सम्राट दुबळा असता, तर सेनापतीने आमचा नाद सोडून सिंहासनाकडे मोर्चा वळविला असता. एवढे मोठे घबाड मागे टाकून आकाशगंगेच्या कोपऱ्यात कोण धडपडेल? राहिला तिसरा प्रकार, सेनापतीही बलवान आणि सम्राटही बलवान. तेथे सम्राट बलवान कशाने राहिला? आपल्या हाताखाली कोणालाही फार मोठे होऊ न दिल्याने. म्हणजे जिंकणारा सेनापती त्याने खाली ओढलाच पाहिजे. रियोसने गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हे. तो जिंकत होता, हाच त्याचा गुन्हा.

पहिल्या वाचनात हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. रोमच्या इतिहासात त्याला दाखलेही वाटेल तितके आहेत. व्हेस्पेशियन यहुदी बंडाचा मोड करावयास गेला होता. रोममध्ये गादीचा गोंधळ माजलेला पाहून इसवी सन ६९ मध्ये त्याच्या सैन्याने त्यालाच सम्राट केले आणि जेरुसलेमचा वेढा त्याने मुलावर सोपविला. १९३ साली सेप्टिमियस सेव्हेरस डॅन्यूबकाठची छावणी सोडून रोमवर चालून आला तो असाच. परंतु असिमॉव्ह यांनी दाखला निवडला तो या दोघांचा नाही. त्यांनी निवडला बेलिसेरियस. आणि गंमत अशी की म्हाताऱ्या बारचे गणित ज्या एका माणसापुढे अडखळते तो माणूस नेमका हाच.

सम्राट जस्टिनियन ५२७ ते ५६५ अशी अडतीस वर्षे गादीवर होता. तो शेतकऱ्याच्या घरातला. त्याचा मामा जस्टिन गावाकडून पायी राजधानीत आला, शिपाई झाला, आणि शेवटी सम्राट झाला. त्याला सही करावयाची तरी अक्षरांचा साचा लागे म्हणतात. जस्टिनियनची राणी थिओडोरा ही सर्कशीतल्या अस्वलवाल्याची मुलगी, पूर्वाश्रमीची नटी. म्हणजे सिंहासनावर कोण चढू शकतो आणि किती झटक्यात चढू शकतो, हे या जोडप्याला दुसऱ्या कोणी शिकवावयास नको होते.

तरीही एक धडा त्यांना मिळालाच. ५३२ च्या जानेवारीत राजधानीतल्या रथशर्यतींच्या मैदानात दोन पक्षांच्या प्रेक्षकांनी एक होऊन बंड केले. 'नीका', म्हणजे जिंका, ही त्यांची आरोळी. शहर पेटले, जमावाने हायपेशियस नावाच्या, पूर्वीच्या सम्राटाच्या पुतण्याला धरून आणले आणि त्याच्या नको नको म्हणण्याकडे लक्ष न देता त्याला सम्राट केले. जस्टिनियन पळून जाण्याच्या विचारात होता. थिओडोराने त्याला थांबविले. नार्सेस नावाच्या खोजाने मैदानात शिरून एका पक्षाला सोने वाटले आणि फूट पाडली. मग बेलिसेरियस आणि दुसरा एक सरदार दोन बाजूंनी आत घुसले. त्या दिवशी तीस हजारांवर माणसे मेली असे प्रोकोपियस लिहितो. हायपेशियसलाही दुसऱ्या दिवशी मारून समुद्रात टाकले. बिचाऱ्याने मुकुट मागितला नव्हता! परंतु मुकुट ज्याच्या डोक्यावर ठेवता येतो तो माणूस जिवंत असणे हेच राजाला धोक्याचे, ही गोष्ट जस्टिनियनच्या मनावर कायमची कोरली गेली. त्या दिवशी त्याचे सिंहासन वाचविणारे दोघे, नार्सेस आणि बेलिसेरियस, पुढे आपल्या कथेत पुन्हा भेटणार आहेत.

हा प्रोकोपियस म्हणजे बेलिसेरियसचा चिटणीस, त्याच्याबरोबर रणांगणावर फिरलेला. याने युद्धांचा मोठा इतिहास लिहिला, सम्राटाने बांधलेल्या इमारतींचे स्तोत्र लिहिले, आणि गुपचूप तिसरे एक पुस्तक लिहिले, ज्यात राजा, राणी, आपला धनी आणि धन्याची बायको अँटोनिना या चौघांचीही मनसोक्त निंदा केली. हे तिसरे पुस्तक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडून १६२३ साली छापले गेले. त्यातले सारेच खरे मानू नये. पण सारेच खोटे मानण्याचीही सोय नाही. दरबारचा वास त्याला लागलेला आहे.

५३३ साली बेलिसेरियसला आफ्रिकेवर पाठविले. दहा हजार पायदळ, पाच हजार घोडेस्वार, पाचशे गलबते. जूनमध्ये निघाला, सप्टेंबरात कार्थेजमध्ये शिरला, आणि पुढल्या वसंतात व्हँडलांचा राजा गेलिमर शरण आला. शंभर वर्षांचे राज्य नऊ महिन्यांत संपले. (हा गेलिमर डोंगरावर वेढ्यात अडकला असता त्याने शत्रूकडे तीन वस्तू मागितल्या: एक पाव, कारण भाजलेली भाकर पाहून फार दिवस झाले होते, एक स्पंज, रडून सुजलेला डोळा धुवावयास, आणि एक वीणा, आपल्या दुर्दैवावर रचलेले गीत गावयास. शत्रूने तिन्ही पाठविल्या.)

जय मिळाला त्याच दिवसांत बेलिसेरियसच्या हाताखालच्या काही अधिकाऱ्यांनी सम्राटाला गुप्त पत्र लिहिले, की हा आता येथेच आपले राज्य मांडणार. एक पत्र बुडाले तर दुसरे पोहोचावे म्हणून दोन प्रती दोन गलबतांनी धाडल्या. त्यातला एक जासूद कार्थेजच्या बंदरातच पकडला गेला आणि पत्र बेलिसेरियसच्या हाती आले. त्याने ते वाचले आणि तोंडातून अक्षर काढले नाही. थोड्याच दिवसांत सम्राटाचा निरोप आला: गेलिमरला आणि लुटीला घेऊन तू स्वतः ये, किंवा त्यांना पाठवून तू तिथेच राहा, तुझी इच्छा. किती साधा निरोप! पण बेलिसेरियसला दुसऱ्या पत्राची वाट ठाऊक होती. "मी राहतो" असे म्हटले असते तर चहाडी खरी ठरली असती. तो तडक निघाला. मागे आफ्रिकेत मूर टोळ्यांनी उठाव केला. त्याच्या ज्वाला तो जाता जाता पाहत गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

राजधानीत त्याची मिरवणूक निघाली. ऑगस्टसच्या काळानंतर सम्राटाखेरीज कोणाला हा मान मिळाला नव्हता. मात्र जुन्या रोमन विजयी वीरासारखा तो रथात बसला नाही. घरापासून मैदानापर्यंत चालत गेला, आणि सम्राटाच्या आसनापुढे येताच पराभूत गेलिमरने जसे साष्टांग लोटांगण घातले तसेच विजयी बेलिसेरियसनेही घातले. दोघे शेजारी शेजारी पालथे. मला वाटते, जस्टिनियनच्या साऱ्या राजनीतीचे चित्र या एका देखाव्यात आले आहे.

पुढे इटली. ५३५ मध्ये सिसिली, ५३६ मध्ये नेपल्स आणि डिसेंबरात रोम. मग गॉथांच्या राजाने, विटिगेसने, त्याला रोममध्येच एक वर्ष नऊ दिवस कोंडून धरले आणि शेवटी तोच कंटाळून निघून गेला. ५३८ साली सम्राटाने ताज्या फौजेसह नार्सेसला पाठविले. हाच आपला कादंबरीतला ब्रॉड्रिग! अंतःपुरातला हा वृद्ध खोजा, राजाच्या तिजोरीवरचा अधिकारी, सेनापतीवर लक्ष ठेवावयास रणभूमीवर येतो. सैन्यात दोन तट पडले. एक बेलिसेरियसचे हुकूम मानी, दुसरा नार्सेसचे. या भांडणात मिलान शहराची कुमक वेळेवर गेली नाही आणि ५३९ मध्ये गॉथांनी ते शहर बेचिराख केले. तीन लाख पुरुष मेले हा प्रोकोपियसचा आकडा फुगीर आहे. पण पुरुष कापले गेले आणि बायका वाटून दिल्या गेल्या, हे त्याने लिहिले ते नाकारता येत नाही. दरबारातल्या संशयाची किंमत दरबार देत नसतो. ती अशा गावांनी दिली.

सम्राटाने नार्सेसला परत बोलावले, आणि मग ५४० चा वसंत आला. येथे थोडे थांबले पाहिजे.

विटिगेस रॅव्हेनामध्ये कोंडला गेला होता. पूर्वेकडे इराणचा शहा खुस्रो उठत होता, म्हणून जस्टिनियनने घाईने तहाची कलमे पाठविली: पो नदीपलीकडचा मुलूख आणि निम्मा खजिना विटिगेसकडे राहू द्या. बेलिसेरियसने तहावर सही करण्यास नकार दिला; सारी इटली हाती आली असता अर्धी का सोडावी? गॉथ बिथरले. त्यांना जस्टिनियनचा भरवसा नव्हता, या माणसाचा होता. त्यांनी गुप्तपणे विचारले: तूच पश्चिमेचा सम्राट हो, आम्ही तुझ्यामागे उभे राहतो. विटिगेसनेही त्याला रुकार दिला.

म्हाताऱ्या बारला विचारा आता, पुढे काय होईल? बलवान सेनापती, हाताशी जिंकलेले सैन्य, समोर आयता मुकुट, आणि सम्राट समुद्रापार. बेलिसेरियस "बरे आहे" म्हणाला. मे महिन्यात गॉथांनी वेशी उघडल्या. रोमन शिपाई रस्त्यांतून आत चालले तेव्हा गॉथ बायकांनी त्यांची ती ठेंगणी शरीरे पाहिली आणि, अशा माणसांना हरलात काय, म्हणून आपल्याच नवऱ्यांच्या तोंडावर थुंकल्या. आत गेल्यावर बेलिसेरियसने विटिगेसला मानाने नजरकैदेत ठेवले, खजिना ताब्यात घेतला आणि सम्राटाचे बोलावणे येताच जाण्यासाठी सामान बांधावयास घेतले. गॉथ आशेवर होते. त्यांना अजून वाटे, हा आता घोषणा करील. शेवटी ते आले, विनवू लागले, आपण होऊन गुलाम राहतोस म्हणून हिणवूही लागले. त्याने सांगितले, जस्टिनियन जिवंत असेपर्यंत ती पदवी मी घेणार नाही. आणि तो गेला.

त्याने गॉथांना फसविले हे खरेच. खोटे बोलून शहर घेणे हे काही साधुत्व नव्हे. पण ज्या माणसाला राज्य चालून आले ते त्याने नाकारले, हेही खरे.

आता राजधानीत त्याचे स्वागत कसे झाले पाहा. खजिना सम्राटाने राजवाड्यात ठेवून फक्त सिनेटच्या सभासदांना दाखविला. मिरवणूक नाही. लोक मात्र त्याला पाहावयास रोज रस्त्यात गर्दी करीत; त्याच्यामागे व्हँडल, गॉथ आणि मूर यांचे पथक चाले. जस्टिनियनच्या जागी स्वतःला ठेवून मी कितीदा तरी विचार केला आहे. राजाला काय दिसले असेल? माझ्या सेनापतीने मुकुट नाकारला, असे? की, माझ्या सेनापतीला मुकुट देऊ करण्यात आला आणि तो पेलण्याजोगा आहे हे आता साऱ्या जगाला कळले, असे? निष्ठेचा याहून मोठा पुरावा मनुष्याला देता येत नाही; आणि राजाच्या लेखी तोच पुरावा त्याच्याविरुद्ध गेला.

दोन वर्षांनी, ५४२ साली, राजधानीत प्लेग आला आणि जस्टिनियनच आजारी पडला. कादंबरीतला क्लीऑन जसा अंथरुणाला खिळलेला तसाच. पूर्वेच्या छावणीत सरदारांत कुजबूज झाली, की राजधानीतल्यांनी भलताच सम्राट बसविला तर आपण मानावयाचा नाही. जस्टिनियन बरा झाला आणि ही कुजबूज थिओडोराच्या कानी गेली. ब्यूझेस नावाच्या सरदाराला तिने तळघरातल्या अंधारकोठडीत दोन वर्षांहून अधिक काळ ठेवले. बेलिसेरियसवर काही शाबीत झाले नाही. तरी त्याचे सेनापतिपद गेले, आणि त्याने पदरचा पैसा घालून उभारलेले घोडेस्वारांचे खासगी पथक चिठ्ठ्या टाकून इतर सरदारांत आणि राजवाड्यातल्या खोजांत वाटून टाकण्यात आले. प्रोकोपियस सांगतो, तो एकटा शहरातून घरी परते, मारेकरी मागे असतील म्हणून वळून वळून पाही. एका संध्याकाळी राजवाड्याचा माणूस पत्र घेऊन आला. मरण आले असे समजून तो बिछान्यावर बसला होता. पत्रात होते: तुझ्या बायकोसाठी तुला क्षमा केली आहे.

५४४ मध्ये त्याला पुन्हा इटलीत पाठविले ते जेमतेम चार हजार माणसे देऊन. तिथे टोटिला नावाच्या तरुण राजाने गॉथांना पुन्हा उभे केले होते. बेलिसेरियस सम्राटाला लिहीत राहिला, की माणसे नाहीत, घोडे नाहीत, पैसे नाहीत. ५४६ च्या डिसेंबरात रोम गेले. पुढल्या वर्षी ओस पडलेल्या त्याच शहरात तो शिरला, पाडलेला तट त्याने पंचवीस दिवसांत मिळेल त्या दगडांनी उभा केला, आणि धरून बसला. अखेर ५४८ नंतर त्याला परत बोलावून घेतले.

आणि मग ५५१ साली जस्टिनियनने इटलीची मोहीम पुन्हा हाती घेतली. या वेळी पैसा भरपूर, फौज भरपूर, मागितले ते मिळाले. सेनापती कोण? नार्सेस! सत्तरीच्या घरातला तो खोजा. त्याने ५५२ मध्ये टोटिलाचा पाडाव केला आणि इटली जिंकून दाखविली. तो कुशल होता यात शंका नाही. पण बेलिसेरियसला जे नाकारले ते त्याला का दिले? मला तरी याचे एकच उत्तर सुचते. खोजाला त्या राज्यात सम्राट होता येत नसे. निष्ठावंत माणसापेक्षा, ज्याला बेइमानी करून लाभच नाही असा माणूस राजाला बरा वाटला. असिमॉव्ह यांनी हा प्रकार आपल्या गोष्टीत घेतला नाही. त्यांचा चिटणीसही सेनापतीबरोबरच मारला जातो. खऱ्या दरबारात चिटणीसच जिंकला.

बेलिसेरियसला मात्र कोणी मारले नाही. ५५९ मध्ये हूणवंशी टोळ्या राजधानीच्या तटापर्यंत आल्या तेव्हा सम्राटाला त्याची आठवण झाली. म्हाताऱ्याने तीनशे जुने शिपाई आणि आजूबाजूचे शेतकरी जमवून त्यांना हुसकून लावले. लोकांनी जयजयकार केला, आणि तो पुन्हा घरी बसला. ५६२ मध्ये एका कटात त्याचे नाव गुंतविले गेले. सात-आठ महिने नजरकैद, मग ५६३ च्या जुलैत मान परत. त्याचे डोळे काढले आणि तो रस्त्यात भीक मागत फिरला, ही कथा कित्येक शतकांनंतर रचलेली. तिच्यावर फ्रान्समध्ये कादंबरी झाली, १७८१ साली दाविदने प्रसिद्ध चित्र काढले. पण ती खोटी आहे. खरे एवढेच की ५६५ च्या मार्चमध्ये तो वारला आणि त्याच नोव्हेंबरात जस्टिनियनही गेला. त्याची मिळकत सरकारजमा झाल्याचे गिबन लिहितो. तीन वर्षांनी, ५६८ मध्ये, लाँबर्ड टोळ्या आल्प्स उतरून इटलीत आल्या आणि एवढ्या रक्ताने मिळविलेला मुलूख बहुतेक गेला.

हे सारे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, गणित बरोबरच निघाले की! साम्राज्य वाढले नाही ते नाहीच."

निघाले, असे म्हणता येईल. पण बारच्या गणितात सेनापती हा एक आकडा आहे. संधी मिळाली की गादी बळकावणारा. बेलिसेरियसने ती बळकावली नाही. त्याने संधी सोडली म्हणून इतिहास बदलला नाही हे खरे, परंतु त्याने ती घेतली असती तर बदलला असता की नाही, हे सेल्डनलाही सांगता यावयाचे नाही. असिमॉव्ह यांनाही ही बोच असावी, असे मला वाटते. कारण त्याच पुस्तकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'म्यूल' नावाचा एक विलक्षण माणूस आणला आणि एकट्या माणसाकडून ते सारे गणित उधळून लावले.

भाच्याचे समाधान झाले नव्हते. त्याने फोन काढला आणि रॅव्हेनाच्या सान व्हिताले मंदिरातले ते काचेच्या तुकड्यांचे भिंतीचित्र शोधले. ५४७ साली त्या मंदिराची प्रतिष्ठा झाली, त्या वेळी बेलिसेरियस इटलीतच फौजेसाठी पत्रे लिहीत होता. मधोमध जांभळ्या वस्त्रातला जस्टिनियन, मस्तकामागे तेजोवलय, हातात सोन्याचे ताट. एका बाजूला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला दरबारी आणि ढालवाले शिपाई. नाव फक्त एकाचे लिहिलेले, बिशप मॅक्सिमियनचे.

"यातला तुमचा बेलिसेरियस कोणता?"

सम्राटाच्या लगतचा, दाढीवाला, तो असावा असे पुष्कळ जाणकार मानतात. मी बोट ठेवले. भाच्याने चित्र मोठे करून बराच वेळ पाहिले.

"अगदी खेटून उभा केलाय हो त्याला," तो म्हणाला. मग बाहेरून हाक आली, पणत्यांत तेल घालावयाचे होते, आणि तो उठला.